शेंदऱ्याची जोडी

खोक्याचं झाकण काढलं तेव्हा ती एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. माईंनी वाकून आत पाहिलं आणि पदराला हात पुसत विचारलं, "हे काय आणलंस, शैला?"

"मादी आहे, माई. आपल्या शेंदऱ्याला जोडीदारीण."

"त्यानं मागितली होती?"

"मागितली नव्हती. पण एकटा असतो ना बिचारा दिवसभर."

"एकटा कुठं? मी असते की," माई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी खोकं हातात धरून तशीच उभी राहिले. पिंजऱ्यातून शेंदऱ्यानं तुरा ताठ केला आणि माझ्यावर फिस्कारला. तसा तो माझ्यावर रोजच फिस्कारायचा.

आमच्या घरातली नाती ऐकून नवा माणूस नेहमी गोंधळायचा, म्हणून आधी तेवढं सांगते. माई माझी आई नव्हे, आणि सासूही नव्हे. माझ्या नवऱ्याच्या, मुकुंदच्या, पहिल्या बायकोची ती आई. रेवती त्यांची एकुलती एक. तिच्या दुखण्यात माई विट्याहून कराडला तिची शुश्रूषा करायला आल्या. रेवती गेली आणि मुकुंदनं सासूबाईंना परत जाऊ दिलं नाही. पुढं काही वर्षांनी, नातेवाइकांनी माझ्या लग्नाचा नाद सोडून दिला होता अशा वयात, मी त्या घरात आले. घरात सासू होती, पण ती माझी नव्हती.

माई मला कधी टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तोंडाची तिखट आहे, दोन शब्द मीही सुनावले असते. पण त्यांनी पहिल्याच दिवशी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. "आता तू सांभाळ गं बाई." कुणी पाहुणे आले की, "ही आमची शैला," एवढंच सांगायच्या, पुढं काही नाही. रेवतीच्या डब्यांत डाळी भरताना, रेवतीनं लावलेल्या जास्वंदीला पाणी घालताना मला उगाचच चोरट्यासारखं वाटायचं. मी काही कुणाचं हिसकावून घेतलेलं नव्हतं, तरी वाटायचं.

आणि त्यात हा शेंदऱ्या. राखी रंगाचा कॉकाटील पोपट, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर शेंदराची बोटं ओढल्यासारखे ठिपके. रेवतीनं पाळलेला. दिवसभर माईंच्या खांद्यावर. त्या भाजी निवडायला बसल्या की मान खाली घालून डोकं त्यांच्या बोटापुढं करायचा, आणि त्या भाजी सोडून त्याचं डोकं खाजवत बसायच्या. दुपारी जेवायच्या वेळेला मुकुंदची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की हा शीळ घालायचा. दोन लांब, एक तोकडी.

"छान शिकवलंय कुणी," मी पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते.

"रेवतीची शीळ आहे ती," मुकुंद म्हणाला. "गॅलरीतून मला अशीच हाक मारायची."

म्हणजे रोज दुपारी रेवती माझ्या नवऱ्याला जेवायला बोलवायची आणि मी वाढायची. हे ऐकल्यावर आमटी वाढताना माझा हात जरासा जोरातच आपटला असेल.

तेव्हा मादी आणण्यामागं भूतदयाच होती असं मी म्हणणार नाही. माईंना खूश करावं असं वाटत होतं. शेंदऱ्या कुणात तरी गुंतला तर ती शीळ जरा कमी होईल, असंही कुठंतरी वाटत होतं. पूर्वी एक चांदणी नावाची मादी होती आणि पिंजरा साफ करताना ती उडून गेली, हे मुकुंदकडून कळलं होतं. मग मी मलकापुरात गेले. तिथं इनामदार सर म्हणून निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात, त्यांनी गच्चीवर जाळीची मोठी खोली करून असे पक्षी पाळलेले होते. त्यांच्याकडून ही पिवळसर मादी आणली. रंग अगदी ताज्या पिठल्याचा, म्हणून नाव पिठली.

"लगेच एकत्र सोडू नका," सरांनी बजावलं होतं. "शेजारी शेजारी दोन पिंजरे ठेवा. आधी भांडतील, मग एकमेकांकडं बघत बसतील, मग त्यांचं ते ठरवतील."

तसंच झालं. सुरुवातीला शेंदऱ्या तिच्या बाजूच्या जाळीवर चोच आपटायचा. ती दूर टोकाला जाऊन पाठ करून बसायची. मग हा दाणे खायला लागला की तीही खायला लागली. एक दिवस पाहिलं तर दोघं आपापल्या पिंजऱ्यात, पण एकमेकांच्या जाळीला खेटून, डोळे मिटून बसलेले. मी मुकुंदला बोलावून दाखवलं.

"जमलं म्हणायचं," तो म्हणाला, पण हसला नाही. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायची सवय. त्या दिवशी मात्र तो पिंजऱ्याकडंही बघत नव्हता.

एका पिंजऱ्यात सोडल्यावर तर विचारूच नका. ती मान वाकवायची, हा तिच्या तुऱ्यामागची पिसं एकेक करून चोचीनं विंचरायचा. मग हा मान वाकवायचा. ती वाटीकडं गेली की हा मागोमाग. ती खालच्या दांडीवर उतरली की ह्याचा जीव खालीवर. आणि एका सकाळी त्यानं खांदे जरा उंचावले, दांडीवर इकडून तिकडं मिरवला आणि तिच्यासमोर शीळ घातली. दोन लांब, एक तोकडी. पुन्हा पुन्हा.

माई तेव्हा देवाची फुलं काढून आत येत होत्या. परडी हातात तशीच राहिली.

"शेंदऱ्या," त्यांनी हाक मारली. पिंजऱ्याचं दार उघडून बोट आत घातलं. "ये. ये बघू."

त्यानं कडकडून चावा घेतला. चांगलं रक्त आलं.

"माई! बघू, हळद लावते."

"काही नाही गं. लागलं नाही," म्हणत त्या मोरीत गेल्या. किती तरी वेळ नळाखाली बोट धरून उभ्या होत्या.

त्या दिवसापासून माई घरात असून नसल्यासारख्या झाल्या. भाजी निवडायला बसायच्या, खांदा मोकळा. जेवण पानात तसंच राहायचं. दुपारी स्कूटर यायची पण शीळ नाही. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि माझ्याच घशाखाली घास उतरेना. म्हाताऱ्या बाईचं एकमेव सुख मी खोक्यात घालून आणलेल्या पाखरानं पळवलं होतं. एकदा न राहवून मी म्हणाले, "माई, आपण असं करू या का, रोज तास-दोन तास पिठलीला वेगळं ठेवू. म्हणजे शेंदऱ्या तुमच्याकडं येईल."

"नाही!" माई एवढ्या जोरात ओरडल्या की मी दचकले. त्या घरात त्यांचा चढा आवाज मी प्रथमच ऐकला. "वेगळं करायचं नाही. लक्षात ठेव. कधी म्हणजे कधी वेगळं करायचं नाही."

मी पुन्हा कामाला लागले. वाटलं, रागावल्या आहेत माझ्यावर, आणि राग असा भलत्याच वाटेनं बाहेर येतोय.

मग तो रविवार आला. रविवारी मुकुंदचं दुकान उघडं असायचं, सोमवारी बंद. मी मोठा पिंजरा धुवायला काढायचं ठरवलं. माई पूजेला बसल्या होत्या, तेवढ्यापुरतं पिठलीला लहान पिंजऱ्यात घालून मागच्या दारी उन्हात नेऊन ठेवलं, जरा पाणी शिंपडावं म्हणून. शेंदऱ्या पुढच्या खोलीतच होता. ती दिसेनाशी झाली मात्र, त्यानं ओरडायला सुरुवात केली. शीळ नव्हे ती. एकच तीक्ष्ण हाक, थांबून, पुन्हा तीच. तिकडून पिठलीही तशीच ओरडायला लागली.

माई पूजेवरून उठून धावत आल्या. ओले हात, केस सुटलेले.

"ती कुठं आहे? कुठं नेलीस तिला?"

"मागच्या दारी आहे, माई. अंघोळ घालतेय नुसती."

"आण तिला! आधी आण! ऐकवत नाही मला ते."

मी पिठलीला आणून शेंदऱ्याजवळ सोडलं. दोघं एकमेकांना चिकटले, घर शांत झालं. माई मात्र तिथंच फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मी पाणी आणलं. त्यांनी भांडं हातात घेतलं, प्यायल्या नाहीत.

"असाच ओरडायचा तो," त्या म्हणाल्या. "उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. दाणा तोंडात घेईना. आणि मी ह्या इथं बसून ऐकत होते."

"कधी, माई?"

"चांदणी गेली तेव्हा." मग माझ्याकडं वर बघून म्हणाल्या, "गेली नव्हती गं ती. उडून गेली नव्हती. मी दिली तिला. पिशवीत घालून बाजारात नेली आणि पक्षीवाल्याच्या दुकानात देऊन आले."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर टेकले.

"रेवती गेली. मुकुंदराव दुकानात जायचे. मी एकटी ह्या दोन पाखरांसमोर बसायची. ही दोघं आपापल्यात. माझ्याकडं ढुंकून बघायची नाहीत. रेवतीची शीळ ह्याच्या गळ्यात, आणि हा ती चांदणीला ऐकवायचा. मला नाही. मी म्हणायची, अरे, माझ्या लेकीची आहे ती, मला दे. तो दुकानवाला बोलता बोलता म्हणाला, जोडी असली की ही पाखरं माणसाला विचारत नाहीत. एकटा ठेवा, बघा कसा जीव लावतो. मी तेवढंच कानात धरलं."

"आणि लावला त्यानं जीव."

"लावला. दुसरं करणार काय होता? त्याला कोण होतं?" माईंनी डोळे पुसले. "खांद्यावर बसायचा ना, तेव्हा रोज मला कळायचं की हे मी कसं मिळवलंय. तरी सोडवत नव्हतं. आज तू तिला नेलंस आणि तीच हाक, तोच सूर."

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवून उपयोग नाही. आता ह्या घरात माझी बाजू वर झाली, असं आलं. रेवतीची आई म्हणून जिच्यापुढं मी दबून वागत होते, तिचंही काही काळंबेरं निघालं म्हणून मला हायसं वाटलं. पण समोर ती बाई फरशीवर बसून थरथरत होती, आणि माझीच मला किळस आली.

"हे मुकुंदरावांना सांगायला हवं," माई उठत म्हणाल्या. "सांगते आणि जाते. विट्याला पुतण्या आहे माझा, तो कधीचा बोलावतोय. ज्या जावयानं मला आईसारखं ठेवलं त्याच्याशी मी खोटं बोलले. त्याच्या पंगतीला आता कशी बसू?"

मी परोपरीनं समजावलं. ऐकल्या नाहीत. मुकुंद दुपारी आला तेव्हा त्यांची कापडी पिशवी भरून दाराशी तयार होती.

"कुठं निघालात, माई?" त्यानं विचारलं.

माईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुकुंद स्कूटरची चावी बोटात फिरवत होता, ती फिरायची थांबली. मला वाटलं आता तो रागावेल, नाही तर रडेल. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"चांदणी. मी पाहिली होती तिला त्या दुकानात. बाजारातून जात होतो, सहज नजर गेली. तिच्या उजव्या पायाचं एक नख मोडलेलं होतं बघा, तीच. तिनंही मला ओळखलं. जाळीपाशी आली, मान खाली घातली, खाजवा म्हणून. मी बोट घातलं आत. खाजवलं."

"मग?" माईंनी विचारलं.

"मग बोट काढून घेतलं आणि घरी आलो." मुकुंदनं चष्मा काढला. "आदल्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा पोटभर जेवला होतात, माई. शेंदऱ्या तुमच्या खांद्यावर येऊन बसला होता. रेवतीपाठोपाठ तुम्हीही जाणार असं मी धरून चाललो होतो. मला वाटलं, एका पाखरावर भागतंय तर भागू दे. पुढच्या आठवड्यात मला चैन पडेना म्हणून गेलो तिला आणायला. तर पिंजरा रिकामा. कुणी नेली, की मेली, ते विचारायचं धाडस झालं नाही."

"मला बोलला नाहीत कधी."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

रेवती गेल्यापासून ही दोघं एका छताखाली राहत होती. वेळच्या वेळी जेवत होती, एकमेकांची औषधं आणत होती, आणि दोघांच्याही मनात तेच एक पाखरू होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत जावं की तिथंच राहावं, कळत नव्हतं.

माईंनी पिशवी उचलली. दोन पावलं गेल्या आणि वळून पिंजऱ्याकडं बघत म्हणाल्या, "निदान ह्यांचं तरी नीट झालं. शैला, ही पिठली त्या सरांकडं एकटीच होती ना गं?"

अगदी साधा प्रश्न होता. 'हो' म्हटलं असतं तर त्या बाईला तेवढंच समाधान घेऊन जाता आलं असतं. आणि सोबत मीही सुटले असते, त्या दोघांहून चांगली ठरून.

पण ती एकटी नव्हती. इनामदार सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "न्यायची तर दोन्ही न्या. हा राखी नर तिला क्षणभर सोडत नाही." मी म्हटलं होतं, मला एकच हवी. घरी एक नर आहे, दुसरा आणून काय करू? सरांनी तिला पकडलं तेव्हा तो राखी पक्षी जाळीला नख्या रोवत आमच्याबरोबर दारापर्यंत आला होता. मी खोक्याचं झाकण लावलं आणि जिना उतरले. खाली रस्त्यावर येईपर्यंत त्याची हाक ऐकू येत होती, आणि मी रिक्षावाल्याला घाई करत होते.

"नव्हती," मी म्हणाले.

मुकुंदनं मान वर केली. मी जेवढं झालं तेवढं सगळं सांगितलं. माईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि दाराशी काढलेल्या चपला पायानंच बाजूला सारल्या.

"मग मी जाऊ कशाला?" त्या म्हणाल्या. "ज्याच्यापुढं लाज वाटावी असं इथं कोण आहे? सगळे एकाच पंगतीतले." आणि मग, जरा थांबून, "पानं घे. उद्या दुकान बंद आहे ना, मुकुंदराव? तिघं जाऊ मलकापूरला."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं इनामदार सरांची गच्ची चढलो. जाळीच्या खोलीत पक्ष्यांचा नुसता कालवा होता.

"त्या दिवशी मी नेलेल्या मादीबरोबरचा राखी नर होता ना, तो हवाय," मी सरांना म्हणाले.

"अहो, आता कुठला सांगू? राखी तर निम्म्याहून अधिक आहेत. जागा बदलत राहतात. तुम्ही पाहिला होतात ना? ओळखा तुम्हीच."

"नीट बघ, शैला," माई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "घाई नाही."

मी बघत राहिले. सगळे राखी, सगळ्यांच्या गालांवर शेंदरी ठिपके. त्यानं माझ्याबरोबर दारापर्यंत धाव घेतली होती आणि मी त्याच्याकडं एकदाही धड पाहिलं नव्हतं. एक जण कोपऱ्यात, इतरांपासून जरा दूर बसला होता. एवढ्यावरच मी बोट दाखवलं.

"हाच."

"खात्री आहे?" मुकुंदनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

घरी आणून त्याचा पिंजरा शेंदऱ्या-पिठलीच्या पिंजऱ्याला लागून ठेवला. आम्ही तिघं समोर उभे राहिलो. पिठलीनं एकदा मान तिरकी करून त्याच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा शेंदऱ्याची मान विंचरायला लागली. तो नवा पक्षीही तिच्याकडं पाठ करून दाणे टिपू लागला. ना हाक, ना काही. मी श्वास धरून वाट बघत होते.

"हाच ना नक्की?" मुकुंद हळूच म्हणाला.

मी माईंकडं पाहिलं. इतकी वर्षं पाखरांत काढलेली बाई, ही दोघं एकमेकांची नाहीत हे तिला कळणार नाही असं कसं होईल? त्यांनी दोन्ही पिंजऱ्यांकडं नीट, सावकाश पाहिलं.

"हाच आहे," माई म्हणाल्या. "ती रागावलीय आपल्यावर. रागावणारच." आणि माझ्याकडं न बघता त्यांनी त्याच्या वाटीत मूठभर राळ्याचे दाणे ओतले.